आजोबांचे तोडलेले हात

आमची आत्या कपडे शिवते आणि चिडते. दोन्ही कामं ती मन लावून करते. पण त्या दिवशी ती जशी चिडली, तशी मी तिला जन्मात पाहिली नव्हती.

चौकातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ माझ्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी बनवलेलं. त्याच्या पायथ्याशी नगरपालिका एक कोरीव दगड उभा करत होती. अनावरणाचा पडदा शिवायचं काम आत्याकडे आलं. टेप घेऊन ती माप घ्यायला गेली आणि लांबी-रुंदी मोजता मोजता मजकूर वाचून बसली: ‘असे दुसरे घड्याळ कुठेही होऊ नये म्हणून राजाने कारागिराचे दोन्ही हात तोडले.’

तिथून ती तडक काकाच्या घरी. काका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. हा पर्यटकांना गाव दाखवतो. ‘हे तुम्हाला ठाऊक नसेल’ अशी सुरुवात करतो आणि ते त्यालाही ठाऊक नसतं. त्याचं ऐकलं तर गावातल्या प्रत्येक विहिरीत एकेका राणीने जीव दिलाय. इतक्या राण्या आमच्या गावाला परवडल्याच नसत्या. हात तोडल्याची कथा तर जगभर सांगतात. जिथे देखणी इमारत, तिथे एक थोटा कारागीर ठरलेला. काकाने ती उचलून सख्ख्या बापाला चिकटवली. दगडावरचा मजकूरही त्यानेच लिहून दिला होता.

काका जेवत होता.

“बाळ्या, बाबांचे हात कधी तोडले रे?”

“अगं ताई, ती आपली एक गोष्ट...”

“गोष्ट? गणितात नापास झालास तेव्हा त्याच हातांनी तुझं थोबाड रंगवलं होतं! गाल आण इकडे, आठवण करून देते.”

“लोकांना आवडतं गं! हात तोडले की माणसं थांबतात, वर बघतात, हळहळतात. एरवी घड्याळाकडे ढुंकून तरी बघतं का कोणी? बाबांचं नाव निघतं ते त्यामुळेच.”

“नाव? दगडावर नाव कुठाय, मेल्या? नुसतं ‘कारागीर’ लिहिलंयस!”

काकाचा घास हातातच राहिला.

“त्यांचे हात मरेपर्यंत धड होते,” आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला, म्हणजे राग वर चढला होता. “पुढच्या मनोऱ्याचा नकाशा घेऊन दारोदार हिंडले. एकानं बस म्हटलं नाही. धड हातांनी जन्मभर लोकांची गजराची घड्याळं दुरुस्त करत बसले. राजाला कशाला नावं ठेवतोस? या गावानं काय केलं ते सांग.”

“ते ऐकायला कोण थांबणार, ताई?”

“थांबवते मी,” म्हणून आत्या निघाली.

अनावरणाच्या दिवशी भाषणं झाली. नगराध्यक्षांनी दोरी ओढली. पडदा हलला नाही. पुन्हा ओढली. मग दोघांनी मिळून ओढली. दोरी हातात आली, पडदा जागच्या जागी. आत्याने तो दगडाच्या मागून गादीच्या दोऱ्याने दुहेरी शिवून टाकला होता. तिने शिवलेल्या विजारी त्या घालणाऱ्यांपेक्षा जास्त जगल्यात, तिथे दोरीचा काय पाड!

आत्या कात्री घेऊन पुढे झाली. नगराध्यक्षांनी हात पुढे केला. तिने ती काकाच्या हातात ठेवली.

“आधी खरं सांग. मग काप.”

एवढ्या राण्या बुडवणारा माणूस, पण नुसती कात्री उघडत-मिटत राहिला.

“ते... आमचे वडील,” शेवटी म्हणाला. “हात कोणी तोडले नाहीत. मी रचलं.”

“मग दुसरं घड्याळ का नाही केलं त्यांनी?” पहिल्या रांगेतून एका शेटजींनी विचारलं.

काकाने मान वर केली. आजोबा ज्या दारांवरून परत फिरले, त्यांतलं एक दार या शेटजींच्या वडिलांचं.

“तुमच्या घरीही आले होते,” काका म्हणाला. “पाणी पाजलंत आणि पाठवून दिलंत.”

टाळ्या नाहीत, हळहळ नाही. शेटजी बूट न्याहाळू लागले. काकाने टाके कापले, पडदा खाली पडला आणि ती ओळ सगळ्यांच्या तोंडासमोर उघडी पडली.

“ताई, आता कोरून झालंय,” नगराध्यक्ष चुचकारत म्हणाले. “एका ओळीनं काय बिघडतं?”

“तुमचे हात तोडल्याचं लिहू का त्याच्याखाली?”

नगराध्यक्षांनी हात खिशात घातले. पाथरवट बाजूलाच उभा होता. आत्याने त्याला पुढे ओढलं. त्याने नगराध्यक्षांकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं आणि शहाणपणा करून छिन्नी काढली. पहिला टवका उडाला तो थेट नगराध्यक्षांच्या पांढऱ्या विजारीवर.

“गोंजारतोस काय दगडाला? जोरात मार!” आत्या ओरडली. “आणि जागा झाली की नाव घाल. सांगते मी, एकेक अक्षर.”