कंपोस्टातलं पुष्पचक्र

जून निम्मा सरला तरी जर्मनीतल्या बाडेनच्या त्या गावात सकाळी दात वाजत होते. वरून भुरभुर. साधनानं गमबूट चढवले आणि गावाकडून आणलेल्या खुरप्यानं कबरींमधल्या वाटेवरचं गवत काढायला घेतलं. कराडजवळच्या शिवारात वाढलेली पंचेचाळिशीची बाई. नवरा चारुदत्त झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलं शिकायला बाहेर पडली, घर खायला उठलं, तेव्हा तिनं फ्रीडहोफचं, म्हणजे कब्रस्तानाचं, माळीकाम धरलं. पुण्यातल्या जावा ‘शी!’ म्हणाल्या. हिला मात्र हाताला माती लागली की बरं वाटायचं. नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरले होते.

कोपऱ्यात यादवीचं स्मारक होतं. १८४९ साली इथल्या लोकांनी एकमेकांनाच गोळ्या घातल्या. राजाचे शिपाई एकीकडं, बंडवाले दुसरीकडं. दगड एकच. पुढून शिपायांची नावं, मागून बंडवाल्यांची. गावात दोघांची दोन मंडळं, आणि पुष्पचक्र पुढं कुणाचं यावरून दरवर्षी जुंपायची.

काल स्मृतिदिन झाला आणि आज बंडवाल्यांचं चक्र छातीएवढ्या भिंतीआडच्या कंपोस्टच्या ढिगात सापडलं. पावसानं लिबलिबीत झालेल्या लिली, त्यावर गोगलगायी.

साडेनऊला मुकादम ब्रांटनं तिला ऑफिसात बोलावलं. शिपायांच्या मंडळाचे म्हातारे फोगेल आणि बंडवाल्यांच्या अध्यक्ष लेंत्सबाई शेजारी शेजारी कॉफी पीत बसले होते.

“फ्राऊ मोहिते,” ब्रांट म्हणाला, “भांडण पुन्हा पेपरात गेलं तर पालिका सोहळाच बंद करेल. तुम्ही नवीन, आमच्या रीती तुम्हाला कुठून ठाऊक? साफसफाईत चुकून टाकलं, अशी एक ओळ लिहून द्या.” त्यानं कोरा कागद पुढं सरकवला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फोगेल म्हणाले.

“गेनाऊ,” लेंत्सबाई म्हणाल्या.

पावणेदोनशे वर्षांत दोन्ही बाजू पहिल्यांदा एका सुरात बोलल्या, आणि कशावर, तर हिच्या माथी मारण्यावर! साधना उठून बाहेर गेली, नवऱ्याला फोन लावला.

“अहो, मी न केलेलं माझ्या नावावर लिहून मागतायत.”

सगळं ऐकून तो म्हणाला, “आल्झो, हे बघ, एक ओळच आहे ना? पक्की होत आलेली नोकरी घालवू नकोस. देऊन टाक.”

“दुसऱ्यानं मोडलेलं मशीन तुम्ही घ्याल स्वतःच्या नावावर?”

तिनं फोन बंद केला, ढिगातनं ते चक्र उपसलं आणि आणून कॉफीच्या कपांमध्ये आदळलं. एक गोगलगाय बशीवर पडली. लेंत्सबाई किंचाळल्या.

“बघा. तार तशीच, प्लास्टिकची फीत तशीच. पहिल्या दिवशी ह्या ब्रांटनीच शिकवलं मला, आधी तार सोडवायची, फीत काळ्या डब्यात, मग पाला कंपोस्टात. पाच महिने तेच करतेय, तारेनं चिरलेली बोटं बघा माझी. इथं राबणारं माणूस अख्खं चक्र ढिगात फेकेल होय?”

ब्रांटनं बोटं पाहिली आणि मान खाली घातली. फोगेलचे कान लाल झाले. “वाऱ्यानं गेलं असेल,” ते पुटपुटले.

“वाराच असेल,” लेंत्सबाईही घाईनं म्हणाल्या. सोहळा त्यांनाही हवाच होता.

“छातीएवढी भिंत ओलांडून? गुणाचा दिसतोय वारा!” साधना म्हणाली.

ब्रांटनं कोरा कागद घडी करून खिशात घातला. “नोकरीचं पत्र वेळेवर मिळेल तुम्हाला,” तो हळूच म्हणाला. माफी कुणीच मागितली नाही. लेंत्सबाई रुमालानं बाही पुसत होत्या.

नळावर साधनानं साबण लावून तीनदा हात धुतले, तरी किळस जाईना. नाव राखलं होतं, पण तोंड कडू झालं होतं. स्मारकाजवळून जाताना थुंकावंसं वाटलं. मग दगडावरची वयं दिसली. एकोणीस, एकवीस, अठरा. या पोरांनी काय घोडं मारलं होतं? तिनं थुंकी गिळली.

चौथ्या ओळीत बेगोनियाची रोपं लावायची राहिली होती. ती ट्रे उचलून तिकडं गेली.