तांबूस पाठीचा खंड्या

परवा रविवारी सुनंदाताईंच्या घरी जाऊन आलो, नवीन पनवेलला. महिन्यापूर्वी मीच त्यांना आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमधून काढलं होतं.

झालं असं, की त्यांनी ग्रुपवर तिबोटी खंड्याचा फोटो टाकला. पावसाळ्यात आपल्या रानात येतो तो, चिमणीएवढा, रंगीबेरंगी. पण आपल्याकडच्याची पाठ काळसर निळी असते, कपाळावर काळा ठिपका असतो. फोटोतल्याची पाठ तांबूस-जांभळट होती. तो त्याचा जवळचा भाऊबंद, पण राहतो मलेशियाकडच्या जंगलात.

मी अ‍ॅडमिन. लगेच लिहिलं, "नेटवरून ढापलेले फोटो इथे टाकू नका." आणि ताईंना रिमूव्ह केलं. खाली हसण्याचे इमोजी पडले... मला बरंही वाटलं, हे कबूल करतो.

गेल्या आठवड्यात ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, "अरे, त्यांची लेक मलेशियात असते. तो फोटो तिने काढलाय."

ताईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा केला. मग फोन माझ्यापुढे धरला. त्यात दोन फोटो होते. एक लेकीचा. दुसरा त्यांच्याच बाल्कनीतला... जूनमध्ये खिडकीच्या काचेवर आपटलेला आपला खंड्या. ताईंनी त्याला बुटाच्या खोक्यात जपलं होतं, तासाभराने तो उडून गेला.

"दोन्ही टाकून फरक विचारणार होते," त्या म्हणाल्या. "दुसरा जाईपर्यंत तुम्ही मला काढलंत."

"चुकलो, ताई. आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं. जन्मभर शाळेत शिकवलं मी... चोर कुणी म्हटलं नव्हतं."



मग त्यांनीच फोटो मोठे करून दाखवले. कानाजवळचा गडद निळा डाग आपल्याकडच्याला आहे, तांबूस पाठीच्याला नाही. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी एकटीने बसून शोधलं होतं.

घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं, माफी मागितली, ताईंना परत यायची विनंती केली. "बघू," एवढंच उत्तर आलं. अजून त्या आलेल्या नाहीत... आणि आग्रह करायचा हक्क मला नाही.

ताई, त्या दिवशी दारातूनच परत पाठवलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही चहा दिलात, वर पक्षीही शिकवलात.