चालती शिते

परमेश्वराने जिवाच्या अंगावर जीव बसवला. मांजराच्या केसांत पिसू बसवली, आणि त्या पिसवेच्या पोटात जंताचे न दिसणारे बीज. लहान म्हणून कुणाची भूक चुकली नाही. लहान म्हणून कुणाचे भय कमी झाले नाही. ही उतरंड जिने साठ वर्षे एका बांबूच्या फणीने विंचरली, त्या बुआनकाकूचे हे चरित्र. त्यातले मी फक्त एकोणपन्नास दिवस सांगणार आहे. तेवढ्यांत ती पुरती दिसते.

आमच्या बेटावर घरे एकेचाळीस, माणसे नव्वदाच्या आत, मांजरे एरवी कुणी मोजत नाही. वाळत घातलेली मासळी आणि पोत्यांतला भुईमूग राखायला मांजर हवेच. रोज सकाळी काकू पोवळ्याच्या दगडी कुंपणाला पाठ टेकून बसे. मांडीवर कुणाचे तरी मांजर, हाती दाट दातांची फणी, शेजारी भांड्यांच्या साबणाच्या पाण्याचा वाडगा. मानेपासून पाठीवर, शेपटीच्या मुळाशी दोनदा, हनुवटीखाली हलकेच. फणीत पिसू सापडली की ती वाडग्यात झटकायची. आमच्या बायका कोंबडी कापताना जे पुटपुटतात, तेच ती बुडत्या पिसवेला पुटपुटे, "पिसू होऊन किती दिवस काढशील? जा, थोरामोठ्यांच्या घरी लेक होऊन ये."

जंताची गोळी मोठ्या बेटावरचा जनावरांचा डॉक्टर महिन्यातून एकदा फेरीबोटीने आणी. घरागणिक पाकीट घेणे कुणाला परवडत नसे. म्हणून काकू साऱ्या गल्लीसाठी एकच पाकीट घेई. मांजर कापडी पिशवीत घालायचे, पिशवी मासळी तोलायच्या काट्याला टांगायची, आणि डॉक्टरने सांगितलेल्या वजनाच्या हिशेबाने गोळी सुरीने कापायची. अर्धी कुणाला, पाव कुणाला, माशाच्या गोळ्यात लपवून. तिच्या हातचे मांजर चकचकीत असे, आणि पोटाने हलके.

एकच मांजर तिच्या मांडीवर कधी आले नाही. तेकहाय आजोबांची पेआ, पांढरीशुभ्र. आजोबा एकटे राहत. संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसून तिला स्वतः विंचरत. "माझ्या लेकीचे केस दुसरी बाई विंचरणार नाही," असे म्हणत आणि दार लावून घेत.

आठव्या महिन्यातल्या एका पहाटे आजोबा त्याच खुर्चीत गेले.

आमच्याकडे मृताच्या अंगावरून मांजर जाऊ देत नाहीत. गेले तर मृत उठतो. म्हणून कुणी गेले की क्रियाकर्म होईपर्यंत गावातली सगळी मांजरे कोंडतात, आणि दरवेळी ती काकूच्या जाळी ठेवायच्या खोलीतच कोंडतात. त्या दिवशी तेवीस मांजरे आली. पेआ शेवटी आली. आजोबांना ज्या फळीवर निजवले होते, तिच्या खालून तिला ओढून काढावे लागले. ती आधी वरून गेली होती की नाही, हे कुणी पाहिले नव्हते.

होडीवाला चुआन पोते घेऊन दारात उभा होता. "काकू, एक जागा शिल्लक असेल तर माझी बायको आणून सोडतो. मृत उठायचा तर तिच्याच आवाजाने उठेल."

"तिला ठेवते," काकू म्हणाली, "पण मग तुला रांधून कोण घालील? मांजरंसुद्धा तुझ्या हातचं खाणार नाहीत."

हसणे तेवढेच. मोठ्या शहरातून आजोबांची सून आली, श्योकलान. मृताच्या पायाशी भाताचा वाडगा ठेवतात, त्यात जेवणाच्या काड्या उभ्या, वर उकडलेले अंडे. श्योकलान दिव्यात तेल घालायला वाकली आणि तिला दिसले, की आजोबांच्या गोधडीवर चारपाच शिते सांडली आहेत. उचलायला तिने बोट पुढे केले. तेव्हा एक शीत आखडले. मग लांब झाले. मग पुन्हा आखडून गोधडीच्या काठाकडे निघाले.

शिते चालत होती.

तेलाची बुधली तिने जमिनीवर नीट ठेवली, बाहेर आली, आणि दोन दिवस तिने भाताला हात लावला नाही.

सातव्या दिवशी दफन झाले. मांजरे आपापल्या घरी गेली. पेआला मात्र कुणी दारात घेईना, म्हणून ती जाळ्यांच्या खोलीतच राहिली. आजोबांचे घर बंद झाले. एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत गेलेल्याच्या खोलीत झाडू फिरवायचा नाही, ही आमची रीत. केराबरोबर तो बाहेर फेकला जातो म्हणतात. श्योकलान चुलतघरी उतरली. दर सातव्या दिवशी उदबत्ती लावायला ती त्या घरात जाई.

दुसऱ्या साताला, म्हणजे चौदाव्या दिवशी, ती गेली, तेव्हा घर अगदी गप्प होते. तिने पाच पावले टाकली, आणि तिला वाटले की जमिनीलाच जाग आली. काही दिसले नाही, काही वाजले नाही. फक्त पायांच्या घोट्यांना बारीक, गरम बोटांनी कुणी धरल्यासारखे झाले. बाहेर उजेडात येऊन तिने पाहिले: दोन्ही घोट्यांभोवती लाल टिंबांचे कडे.

तिसऱ्या साताला ब्राह्मणासारखे मंत्र म्हणणारे आमचे गुरुजी आत गेले. त्यांच्याही पायांत तेच कडे. गुरुजी कमी बोलतात. म्हणाले, "म्हातारा पाय धरतोय."

मग ते कडे गावात फिरू लागले. आधी काकूच्या शेजारणीच्या पायांत, मग चुआनच्या बायकोच्या, मग देवी माझूच्या देवळाशेजारच्या तीन घरांत. रोज एक घर. आजोबा हयातीत कुणाकडे गेले नव्हते. मेल्यावर ते दारोदार निघाले, असे लोक म्हणू लागले. पेआ वाळत चालली होती, आणि तिचे पोट मात्र फुगत होते. त्या पोटात काय आहे, ते कुणी उघड बोलेना.

पाचव्या साताला देवळासमोर ठरले: पेआ अंगावरून गेली म्हणूनच म्हातारा उठला. एकोणपन्नासाव्या दिवशी चुआनने पेआला होडीत घालायचे आणि उत्तरेच्या ओसाड खडकावर सोडून यायचे. तिथे गोडे पाणी नाही.

काकू मागे उभी होती. तिने एवढेच विचारले, "आणि त्या दिवसापर्यंत कडी थांबली तर?"

"थांबली तर मांजर राहू दे," श्योकलान म्हणाली. "पण काकू, मी स्वतः त्या घरात जाऊन बघेन. तुमच्या शब्दावर नाही."

"माझ्या शब्दावर जाऊही नकोस. मोजे घालून जा, पांढरे."

त्या दिवसापासून काकूची झोप गेली, कारण तिला एक गोष्ट कळून चुकली होती. पेआच्या बिछान्यात तिला ती शिते सापडली होती, सुकलेली, तिळासारखी. तिने ती डॉक्टरला दाखवली. तो फेरीबोटीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "चपट्या जंताचे तुकडे आहेत. बाहेर पडल्यावर थोडा वेळ चालतात. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, पिसवेतून हा जंत येतो. गोळी द्या, पण पिसवा राहिल्या तर महिन्याभरात हा पुन्हा हजर."

"पिसवा बंद घरात उपाशी मरत नाहीत?"

"कोशात झोपतात. महिनोन्‌महिने. पावलांचा धक्का लागला, अंगाची ऊब लागली, की सगळ्या एकदम उठतात."

चुआन दोर गुंडाळत ऐकत होता. "माझ्याकडे कुत्र्याचं पिसवांचं औषध पडलंय. फुकट देतो. चार थेंब टाका, मोकळ्या व्हा."

"कुत्र्याची कितीतरी औषधं मांजराला विष असतात," डॉक्टर म्हणाला. "झटके येऊन मरेल."

"तेवढीच माझी फेरी वाचेल," चुआन म्हणाला, आणि काकूचा चेहरा पाहून पुन्हा दोर गुंडाळू लागला.

सारे जुळले होते. पण जुळले तेच तिच्या काळजात रुतले. तेवीस मांजरे सात दिवस एका खोलीत कुणी कोंडली? तिने. पेआच्या अंगावरच्या पिसवा घरोघर कुणी धाडल्या? तिच्या खोलीने. ज्या बाईच्या हातून साठ वर्षे गाव स्वच्छ राहिले, तिच्याच दारातून आजोबा गावात निघाले होते. दुसऱ्या सकाळी तिने हे घरोघर जाऊन सांगितले. कुणी रागावले, कुणी हसले, बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. पण मांजरे मात्र तिच्या मांडीवर आणून दिली. पाच दिवस कुंपणापाशी वाडग्यावर वाडगे काळे होत गेले. गोधड्या उकळत्या पाण्यातून निघाल्या, भिंतीकडेचा केर उचलला गेला, आणि कडी घरांतून मागे हटू लागली.

राहिले आजोबांचे घर. तिथे झाडू वर्ज्य.

सहाव्या साताच्या भर दुपारी काकू श्योकलानला घेऊन आत गेली. आजोबांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकले आणि कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी तिने ओंजळीत धरल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या पडल्या तर मृत हसतो. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार.

"आजोबा, घर झाडू का?"

दोन्ही उताण्या पडल्या. श्योकलान दाराकडे सरकली.

"हसा," काकू म्हणाली. "हयातीत कधी हसला नाहीत, आता हसा. पण सांगा. झाडू का?"

दोन्ही पालथ्या.

वारा बंद होता. त्या शांततेत वेताची खुर्ची एकदा करकरली, जशी बसलेला माणूस कूस बदलतो तशी. काकूने तिच्याकडे पाहिले. खुर्चीच्या हातावर फणी होती. तिचे निम्मे दात तुटलेले. काकूने ती उचलली. तुटक्या दातांत पांढरे केस होते, आणि एकही पिसू नव्हती. म्हणजे गेले कितीतरी महिने आजोबांचे कापरे हात, मंद झालेले डोळे, रोज संध्याकाळी नुसते केस विंचरत होते. दार लावून. कुणाला न सांगता.

"असं होय," ती हळू म्हणाली. "मी विचारायला यायला हवं होतं." मग चंद्रकोरी पुन्हा ओंजळीत घेतल्या. "खुर्ची हलवणार नाही. आहे तिथेच धुते. केर दाराबाहेर टाकणार नाही, इथल्याच चुलीवर उकळते. तुम्हाला कुणी बाहेर काढत नाही, आजोबा. झाडू?"

एक उताणी. एक पालथी.

"मोजे," श्योकलान एवढेच बोलली.

दोघींनी खाली पाहिले. काकूच्या पांढऱ्या मोज्यांवर काळी टिंबे चढत होती. दहा, मग पन्नास, मग मोजता येईनात. ती हलली नाही. आपल्या पायांची ऊब देऊन ती त्या भुकेल्या घराला बोलावत राहिली, आणि मोजे काळे झाले की साबणाच्या बादलीत उतरवून नवे चढवत राहिली. सात दिवस, रोज दुपारी. मध्ये झाडणे, फरशीच्या फटींत उकळते पाणी, खुर्चीवर उकळते पाणी, गोधडी उन्हात. प्रत्येक बादलीवर तेच शब्द, "जा, थोरामोठ्यांच्या घरी लेक होऊन ये." पेआला गोळी मिळाली, पुढची कधी द्यायची तो दिवस भिंतीवर कोळशाने लिहिला, आणि काकूची नवी फणी तिच्या अंगावर रोज दोनदा फिरली.

एकोणपन्नासाव्या दिवशी दारासमोर गाव जमले. चुआन पोते घेऊन आला होता. श्योकलान नवे पांढरे मोजे घालून आत गेली. एक उदबत्ती जळून संपेपर्यंत ती आतच थांबली. बाहेर येऊन तिने एक पाय उचलला, मग दुसरा. मोजे पांढरेच होते.

चुआनने पोत्याची घडी घातली. "फेरी गेलीच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो खाली वाकून पेआच्या पोटाला हात लावून पाहू लागला. पोट सपाट होते.

श्योकलानने मांजर घरात सोडले. चुलतघरची माणसे रोज मासे घालतील, काकू दर सकाळी विंचरायला येईल, असे ठरले. पेआ उंबऱ्यावर थांबली, हवा हुंगली, आणि सरळ खुर्चीपाशी गेली. बसली. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून तिने मान वर केली, डोळे मिटले, हनुवटी पुढे काढली. तिच्या गळ्याखालचे केस एका बाजूला सपाट झाले, मग पुन्हा उठले, मग पुन्हा सपाट झाले.

काकूने हे पाहिले. हात जोडले, आणि श्योकलानला हळूच म्हणाली, "दार ओढून घे ग. त्यांना दार लावलेलं लागतं."