नख न जाणारं दार

हवामानाचे प्रकार मी वर्गात आयुष्यभर शिकवले. ते मला समजले मात्र व्याह्यांच्या बाथरूममध्ये.

त्याचं असं झालं. मी जामखेडचा. आमच्याकडे ढग येतात, नुसती चौकशी करतात आणि पुढे जातात. लेक दिली अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ. तिथे ढग आले की मुक्कामच ठोकतात! जिल्हा मात्र एकच.

लेकीच्या सासरी नवं घर झालं. जावईबापू बाथरूमला प्लास्टिकचं दार लावणार होते. माझा स्वाभिमान उसळला. "मास्तरच्या लेकीला प्लास्टिकचं दार? अजिबात नाही!" मी बांधावरच्या बाभळीचं, जामखेडच्या उन्हात खणखणीत वाळलेलं दार करून घेतलं आणि भर मे महिन्यात टेम्पोत घालून नेलं. चौकटीत असं बसवलं, की नख जाणार नाही!

व्याही शेतकरी माणूस. दारावरून हात फिरवत म्हणाले, "लई देखणं हाय, गुरुजी. पर वाईच फट ठिवा. हितं पावसाळ्यात लाकूड फुगतंय."

"फट?" मी हसलो. "अहो, फट म्हणजे कामचुकारपणा!" (पर्जन्यछायेचा प्रदेश मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. मला हे शिकवणार!)

जुलैत नातीचं बारसं ठरलं, तिथेच. पहिली नात! तिच्यासाठी चांदीचे वाळे केले होते. ते पायात घालूनच तिला पाळण्यात घालायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पावसाची झड लागली होती. चिखलाचे पाय धुवायला मी बाथरूममध्ये शिरलो. दार जरा जड वाटलं, म्हणून खांद्याने रेटून लावलं. पाय धुतले, कडी काढली, दार ओढलं. ढिम्म!

बाहेरून आमची ही. "अहो, आटपा! बायका खोळंबल्यात. वाळे कुठंयत?"

"माझ्या खिशात!"

"मग या की बाहेर!"

"दार फुगलंय!"

बाहेर अख्खं बारसं खो खो हसायला लागलं.

"बाबा, वाळे फटीतून सरकवा ना!" लेक ओरडली.

"फट नाहीये गं!"

"खरं हाय," व्याह्यांचा आवाज आला. "नख जानार न्हाई म्हनले हुते गुरुजी. शब्दाचा मानूस!"

शेवटी मी बादली पालथी घातली, वर चढलो आणि उंचावरच्या खिडकीतून हात बाहेर काढला. मागच्या अंगणात जावईबापू छत्री घेऊन उभे. वाळे त्यांच्या हातात पडले आणि मी बादलीवरून घसरलो. ज्या नातीसाठी एवढ्या लांबून आलो, तिचं नाव मी ओल्या फरशीवर बसून, दाराला कान लावून ऐकलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. ते घालून झाले आणि तोच उत्साह सगळ्यांनी दाराकडे वळवला. तिसऱ्या धडकेला दार उघडलं आणि बायका, व्याही, जावई असे सगळे माझ्या अंगावर आले!

त्याच दुपारी मी सुताराला रंधा घेऊन बोलावलं. "किती तासायचं?" सुताराने विचारलं. मी चिडलेलो. "तास तू! मी सांगेपर्यंत थांबू नकोस!" व्याही काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघून चहा सांगायला आत गेले.

पुढच्या मे महिन्यात लेकीचा फोन आला. "बाबा, दार वाळलं."

"मग चांगलंय की!"

"तुम्ही येऊन बघाच."

गेलो. दार इतकं आक्रसलं होतं, की खालून मांजर ये-जा करत होतं. मी आत अंघोळीला शिरलो, तर रांगणाऱ्या नातीने वाळे वाजवत येऊन त्याच फटीतून माझं धोतर ओढलं! आत कुणी आहे हे बाहेर कळावं, म्हणून मी खड्या आवाजात भजन सुरू केलं.

पहिलं कडवं संपतंय तोच बाहेरून व्याही अदबीने म्हणाले, "गुरुजी, गानं ऱ्हाऊ द्या. दिसताय तुमी!"