आबासाहेबांचं हैदराबाद

वरकुट्याच्या आबासाहेबांना गेला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं, आणि त्याचं कारण डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांची बायको रंगूबाई आणि सून प्रगती, दोघीच, येत्या शनिवार-रविवारी हैदराबाद बघायला निघाल्या होत्या, आणि आबासाहेबांना "येता का?" असं कुणी तोंडदेखलंही विचारलं नव्हतं. आबासाहेब जळत होते. साठीला आलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोवर जळावं हे त्यांचं त्यांनाही बरं दिसत नव्हतं, पण जळणं काय माणसाला विचारून येतं?

बरं, न विचारण्यात त्या दोघींची काडीचीही चूक नव्हती. हैदराबाद आबासाहेबांनी बघितलेलं होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं ते स्वतःच तसं सांगत आले होते.

त्याचं असं होतं. गावात डाळिंब पिकायला लागलं तेव्हापासूनची रीत अशी, की चार-पाच बागायतदारांनी मिळून एक गाडी भरायची आणि सगळ्यांच्या वतीनं एकानं मालाबरोबर जायचं. सौद्याच्या वेळी मालाशेजारी आपलं माणूस उभं असलं की भाव जरा बरा पडतो, असा सगळ्यांचा समज. पण रात्रभर ड्रायव्हरच्या बाजूला बसून हाडं खिळखिळी करून घ्यायला बाकीचे कुरकुरायचे. आबासाहेब मात्र हौसेनं दुसऱ्याचीही पाळी अंगावर घ्यायचे. सुरत झालं, इंदूर झालं, नागपूर झालं, हैदराबाद तर किती वेळा झालं. परत आले की हायवेच्या टपरीवर चहाचा कप हातात धरून त्यांचं सुरू व्हायचं. अमुक शहर असं, तमुक शहर तसं. ऐकणारे मान डोलवायचे, आणि आबासाहेबांची मान आपोआप ताठ व्हायची.

घरी रंगूबाई कधीतरी म्हणायची, "मलाबी एकदा न्या की." त्यावर आबासाहेब चपला काढता काढता सांगायचे, "काय हाय तितं बघायसारखं? नुसती गर्दी आन् धूर. मी बघतोय ते बास हाय." रंगूबाई पुन्हा भाकरी थापायला लागायची. असं करता करता मुलगा सुयोग मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि वालचंदनगरच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली प्रगती सून म्हणून घरात आली. तिला बोलता बोलता एकदा कळलं की हैदराबादच्या बसगाड्या रोज रात्री आपल्या हायवेवरून जातात आणि सासूबाई आजवर एकीतही बसलेल्या नाहीत. "आत्या, आपण दोघी जाऊ," ती म्हणाली. एवढ्यावर ठरलंसुद्धा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघी पोर्चमध्ये एका मोबाइलवर डोकी लावून बसायच्या. ही खोली बघा, ती बघा, सकाळी कुठं जायचं, जेवायचं काय. आबासाहेब समोर टीव्ही लावून बसायचे आणि आवाज बारीक ठेवायचे, म्हणजे पलीकडचं नीट ऐकू येईल. रंगूबाई हसली की त्यांच्या पोटात दुखायचं. इतक्या वर्षांत ही बाई आपल्याशी अशी डोकं लावून कधी बसली नाही, हे त्यांच्या मनात यायचं. आपण कधी बसू दिलं, हे मात्र यायचं नाही.

एका संध्याकाळी प्रगतीनंच विचारलं, "मामा, तुम्ही तर किती वेळा गेलाय. कुठं उतरायचं ते सांगा ना."

आबासाहेबांनी टीव्ही बंद केला. घसा खाकरला. "मार्केटच्या गेटासमोर उतरायचं. तितंच लॉज हाय. पहाटं तीनला सगळं जागं असतंय बघ, नुसती झुंबड. आन् नवापातूर आटपतंय."

"नऊपर्यंत काय आटपतं?"

"शहर," आबासाहेब म्हणाले.

प्रगतीनं सासूकडं बघितलं. सासूनं मोबाइलकडं बघितलं.

"आणि चारमिनार, मामा?"

"त्यो तर गेटातनंच दिसतोय की! लांबनं, पांढराशिप्पट. चहा पीत निवांत बघायचा, उगं तितवर तंगडतोड कशाला करायची?"

प्रगती गुणी पोरगी. सासऱ्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून तिनं त्या लॉजचा नंबर शोधून दुसऱ्या दिवशी फोन लावला. तिकडच्या माणसानं हिंदीत सांगितलं, की बाई, इथं फक्त ट्रकवाले उतरतात, तुम्ही येऊ नका. मग तिनं मोबाइलवर नकाशा उघडला, चारमिनारचा फोटो शोधला, आणि फारच हळू आवाजात म्हणाली, "मामा, चारमिनार मार्केटपासून खूप लांब आहे. आणि तो पांढरा नाहीये."

आबासाहेबांनी चष्मा लावला. फोटोतली इमारत त्यांनी उभ्या जन्मात बघितलेली नव्हती. मग इतकी वर्षं पहाटेच्या धुक्यात, गेटाच्या अंगानं, आपण मान वर करकरून बघत होतो ते काय? चार सरळ खांब आणि वर गोल घुमटासारखं. त्यांच्या डोळ्यांपुढं ते पुन्हा उभं राहिलं, आणि या खेपेला त्यांना त्याच्या पोटाखालून उतरणारा जाड पाइपही दिसला. पाण्याची टाकी होती ती. टाकी बघून हा माणूस वर्षानुवर्षं गावाला चारमिनार सांगत होता.

"नवा रंग दिला आसंल," ते कसेबसे म्हणाले.

प्रगतीनं हसू दाबलं. रंगूबाई हसली नाही. ती हसली असती तर त्यांना परवडलं असतं.

मग आबासाहेबांनी दुसरी वाट धरली. शनिवारी बागेत फवारणी आहे म्हणाले. रंगूबाई म्हणाली, सुयोग बघेल. पाहुणे येणार आहेत म्हणाले. "कोण?" तिनं विचारलं, तर ऐनवेळी एक नाव सुचेना. गाय व्यायला झालीय म्हणाले. "तिला आजून म्हयना हाय," रंगूबाई म्हणाली आणि इंदापुरात घेतलेल्या नव्या चपला पायात घालून घरातल्या घरात फिरायला लागली, चावू नयेत म्हणून. आबासाहेब त्या चपलांवरही जळले. शेजारची साखरबाई येऊन "रंगू, मला तितल्या बांगड्या आण गं, हिरव्या," असं सांगून गेली, तेव्हा तर त्यांना सहन होईना. ते इतक्या वेळा गेले, पण त्यांच्याकडं कुणी कधी बांगड्या मागितल्या नव्हत्या. लोक त्यांना फक्त भाव विचारायचे.

गुरुवारी शेडमध्ये नवराबायको डाळिंबं निवडत बसले होते. मोठं फळ एका क्रेटमध्ये, डागी दुसऱ्या. आबासाहेब हातातल्या फळाकडं बघत म्हणाले, "रंगू, म्या हैदराबाद बघितलेलं न्हाय."

"ठावं हाय," रंगूबाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

"कवापासनं?"

"पयल्या बारीपासनं. रातीला गेल्यालं माणूस दुसऱ्या रातीला घरात जेवाय हजर. शहर बघाया येळ कुठं व्हता तुमाला?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? जळत व्हते मी. वाटायचं, ह्यो बाबा निदान गेटापातूर तरी जातोय. मला तर गेटबी न्हाय."

आबासाहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. पण त्याबरोबर जरा हलकंही वाटलं. चला, सांगून झालं. आता संकोच कशाचा? ते सरकून जवळ बसले. "मग मलाबी घ्या की संगं. तिकीट मिळंल आजून. म्या काय बोलणार न्हाय तितं. गप मागं मागं चालंन."

रंगूबाईनं एक फळ उचललं, फिरवून फिरवून बघितलं आणि डागी मालात टाकलं.

"न्हाय," ती म्हणाली.

"का गं?"

"तुमी मागं चालणार न्हाय. तुमास्नी जमायचंच न्हाय ते. तितं गेलं की पुना फुडं व्हणार आन् मला सांगत सुटणार, ह्ये काय न् त्ये काय. मला एक तरी गाव असं पायजे, जे आदी म्या बघितलं. मग न्हेते तुमाला. म्या दावते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. आबासाहेब क्रेट भरत राहिले.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर सुयोगनं दोघींना हायवेवर सोडलं. आबासाहेबही गेले, पिशवी धरायला म्हणून. बस आली, पिशवी हातातून गेली. रंगूबाई खिडकीशी बसली. तिनं पडदा सारला तो खाली उभ्या नवऱ्याला बघायला नव्हे, तर पुढचा रस्ता बघायला. बस निघून गेल्यावरही आबासाहेब हलले नाहीत. ड्रायव्हरचा हेवा वाटला, क्लीनरचा वाटला, पिशवीचासुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ते बागेत ठिबकच्या नळ्या बघत होते, तेव्हा फोन वाजला.

"अवो, वर आले मी. चारमिनारावर!" रंगूबाईला धाप लागली होती. "काय त्या पायऱ्या, आन् काय ते बारकं जिनं! खाली चारी बाजूंनी रस्तं फुटल्यात. बांगड्यांची तर निस्ती रांग लागलीया, उन्हात लखलख करतीया. आन् पारवं किती..."

बोलता बोलता ती थांबली. आबासाहेबांना वाटलं फोन कटला. पण कटला नव्हता. तिकडून हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी काहीतरी विकत होतं, प्रगती "आत्या, इकडं बघा, फोटो काढते," म्हणून ओरडत होती. रंगूबाई बघण्यात इतकी बुडाली होती की नवरा फोनवर आहे हेच विसरली होती. आबासाहेब डाळिंबाच्या झाडाखाली मटकन बसले. हैदराबादचा दिवसाचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. हेवा तर वाटतच होता, पण त्यांनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला, आणि तिला आपली आठवण होऊ नये म्हणून एक शब्द बोलले नाहीत.