पाव सूत

आमची मोटार चालत होती, हे आधी सांगून टाकतो. उमरग्यात ज्याला त्याला ती विटांवर उभी असलेलीच आठवते, आणि ते मला फार लागतं.

आम्ही म्हणजे मी आणि मिस्त्री. माझं कापडाचं दुकान, त्याचं सडकेला लागून मोटारदुरुस्तीचं छप्पर. एका जहागीरदारांच्या कडब्याच्या गंजीआड ती जुनी उघडी मोटार पडून होती. कोंबड्या तिच्या सीटमध्ये अंडी घालत. "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल," म्हणून त्यांनी ती देऊन टाकली. बैलांनी ओढत उमरग्यात आणली तेव्हा स्टिअरिंग धरून मी बसलो होतो आणि बाजार हसत होता. "अप्पा, बैलाला पेट्रोल घातलंय का?" असं एकानं विचारलं. मी चिडलो. मिस्त्रीनं मात्र त्या हसणाऱ्यांनाच धक्का मारायला लावलं.

शुक्रवारी त्याची सुट्टी असे. नमाज पढून तो आला की दिवस मावळेपर्यंत आम्ही मोटारीखाली. जर्मनीच्या लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा त्यानं लोहाराकडून जाड पत्र्याचं पिंप करून घेतलं आणि मागं बसवलं. त्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस काथ्याकापडातून गाळून इंजिनाला द्यायचा. बसगाड्यांनाही तेव्हा अशी पिंपं असत, पण आमच्याइतकं शांत इंजिन सडकेवर एकाचं नव्हतं. हे मी तोऱ्यात सांगतोय असं वाटेल. तोऱ्यातच सांगतोय.

कोळसा निवडायची मिस्त्रीची आई. गुडघे गेल्यामुळं ती बसूनच असायची. बाभळीच्या कोळशाचे दोन तुकडे कानाजवळ धरून एकमेकांवर वाजवायची. खणखणीत वाजला तो मोटारीच्या टोपलीत, बद्द वाजला तो चुलीला. "बेटा, ये गाडी मेरेकू गुलबर्गे लेके जाती क्या?" ती मला विचारायची. तिथल्या दर्ग्याला एकदा जायची तिची फार इच्छा होती. "नेणारच, अम्मा," असं मी दर वेळी म्हणायचो. तिचा मुलगा पान्हा शोधत राहायचा.

आमचा एक नियम होता. इंजिन उघडायचं ते दोघांनी, बसवायचं तेही दोघांनी. बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं फळीच्या भोकांत खोवून ठेवायचे. इंजिनाचं वरचं जड झाकण, म्हणजे हेड, त्याला तर मी एकट्यानं हातही लावायचा नाही. त्याखाली तांब्याचं गॅस्केट असतं. ते सोलापुरातच मिळे, आणि अठ्ठेचाळीस साली निजाम आणि हिंदुस्थान यांच्या तंट्यात सोलापूरची वाट बंद झालेली होती. तिकडून साधा खिळा येत नव्हता.

"चालती गाडी हाय. उगं खाजवू नगं," तो मला बजावायचा.

पण माझे हात स्वस्थ बसत नव्हते. कोळशाच्या गॅसवर मोटार चढाला दम टाकते. हेड खालून घासून पातळ केलं की गॅस जास्त दाबला जातो आणि जोर वाढतो, हे मला त्यानंच शिकवलेलं. पावसाळा सरत आला होता. तो जिनिंगचं इंजिन दुरुस्त करायला आठ दिवसांसाठी लातूरला गेला. तो यायच्या आत हेड बसवून त्याला चकित करायचं असं मी ठरवलं. शाबासकी हवी होती मला, दुसरं काय!

हेड उचललं आणि एका कडेला चिकटलेलं गॅस्केट टरकन फाटलं. तिथं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. आधी कानस, मग जाड काचेवर एमरीची पूड आणि तेल, असा घासत बसलो. अर्धं सूत उतरवायचं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव सूत उतरलं होतं.

पाचव्या दिवशीच मिस्त्री परत आला, भर दुपारी, धापा टाकत. हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून येणार अशी बातमी होती. रझाकारांनी जे केलं त्याचा राग आता त्याच्यासारख्या साध्या मुसलमानांवरही निघणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं.

"अप्पा, अम्माला आजच गुलबर्ग्याला मामूकडं सोडतो. कोळसा भर," असं म्हणत तो छपरात शिरला आणि काचेवरचं हेड बघून थांबला.

तो खाली वाकला. घासलेल्या भागावरून बोट फिरवून म्हणाला, "लई सपाट घासलंस." त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

माझ्या दुकानातल्या ताग्याचा पुठ्ठा कापून, जवसाच्या तेलात भिजवून आम्ही गॅस्केट केलं. दोघांनी हेड बसवलं. अम्मा धुतलेली ओढणी घेऊन मागच्या सीटवर बसली, पायाशी तिची कोळशाची टोपली. मोटार गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेली. तिथं पुठ्ठा जळाला, हेडखालून वाफ सुटली आणि इंजिन बंद पडलं.

"आमच्या घरी ठेव अम्माला," मी म्हणालो. पण ते मी हळू म्हणालो, घरच्यांना विचारायच्या आधी म्हणतात तसं. त्यानं ते ओळखलं आणि बैलगाडी बघायला गेला. गाडीत चढवताना अम्मानं टोपली माझ्या हातात दिली. "रख बेटा, अच्छा कोयला है," ती म्हणाली.

त्या मायलेकांना घेऊन गेलेला गाडीवान बारा दिवसांनी एकटाच परत आला. वाटेत चिखल, पाऊस, दोन मुक्काम उघड्यावर. अम्माला ताप भरला. गुलबर्गा दोन कोसांवर असताना ती गेली. मोटारीनं ती वाट अर्ध्या दिवसाची होती.

तीनेक महिन्यांनी हैदराबादहून मिस्त्रीचं एक पुडकं आलं. आत तांब्याचं नवं गॅस्केट आणि चिठ्ठी होती. 'अप्पा, हेड किती घासलंस ते कळव. त्यावरून स्पार्कची वेळ किती मागं घ्यायची ते लिहितो. बसवताना कुणाला तरी जोडीला घे.' आईबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी कार्ड घेऊन बसलो. 'पाव सूत' एवढंच लिहायचं होतं, पण त्याच्या आधी अम्माबद्दल काहीतरी लिहायला हवं होतं, आणि ते मला सुचेना. आज लिहू, उद्या लिहू, करत ते कार्ड कोरंच राहिलं आणि मोटार विटांवर चढली. त्यानंतर त्याचंही पत्र आलं नाही. माझ्या उत्तराची त्यानं पुष्कळ दिवस वाट बघितली असणार, कारण अर्धवट राहिलेलं इंजिन त्याला कधीच सहन होत नसे.