हार घालून गेलेली गाडी

ती फिर्याद लिहून घेतली तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मुरुडकडच्या किनाऱ्यावर माझी नेमणूक होती. तिथल्या तक्रारी बहुतेक जाळ्यांच्या आणि कुंपणांच्या. अशात एका सकाळी सत्तरीचे एक मासळीवाले काका ठाण्यात आले आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "सायेब, माजी गाडी चोरली!"

गाडी म्हणजे एक जुना, चिमुकला पिकअप. पुढे दोघे बसतील एवढी केबिन, मागे टोपल्यांसाठी हौदा, बेडकासारखे दोन गोल दिवे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. असला चालू पिकअप सबंध जिल्ह्यात दुसरा नाही, असं काका छाती काढून सांगत. जुन्या गाड्यांचे शौकीन पुण्या-मुंबईहून नुसते फोटो काढायला येत. चाळीस वर्षं काकांनी त्यातून बर्फ आणि मासळी वाहिली होती. गावात त्यांची ओळखसुद्धा त्या गाडीवरूनच होती.

आदल्या दिवशी भर दुपारी सगळी आळी रेवदंड्याला एका साखरपुड्याला गेली होती. काकीच तेवढ्या पाय दुखतो म्हणून घरी होत्या. काका परत आले तर अंगणात गाडी नव्हती. काकींचा डोळा लागला असणार, असं काकांनीच सांगून टाकलं.

मी पंचनाम्याला गेलो. गाडीची चावी घरातल्या खुंटीवरून गेली होती, कडी-कोयंडा शाबूत होता. अंगणात चार चिरडलेली लिंबं पडली होती. हवालदारानं तीही नोंदवली. मी म्हटलं, "लिंबं कशाला लिहितोस? सरबत करायचंय का?" त्यानं ओळ मात्र खोडली नाही. काकींनी आम्हाला चहा दिला आणि त्या आत गेल्या.

काकांचा संशय किहीमच्या एका बंगलेवाल्यावर होता. हा गृहस्थ गाडी मागायला तीनदा येऊन गेला होता. मी त्याच्याकडे गेलो. शेडमध्ये सात जुन्या गाड्या पांघरुणाखाली उभ्या होत्या. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ती गाडी मला हवीच आहे. पण कागदांशिवाय आणून मिरवू कुठे? लपवून ठेवायची तर ती नुसतं लोखंड." मला त्याचं म्हणणं पटलं. शौकीन माणूस दाखवण्यासाठी जमवतो, आणि चोरीचा माल दाखवता येत नाही. परतताना काकांच्या घरी थांबून हे सांगितलं, तेव्हा पुन्हा काकींचा चहा झाला.

चौथ्या दिवशी आगरदांड्याच्या जेट्टीवरून खबर आली. फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्यानं सांगितलं, "तसली गाडी त्या दुपारी दिघीला उतरली. नवीन घेतली का, म्हणून मी हसलो पन. हार घातलेला व्हता ना."

चोरीच्या गाडीला हार कोण घालतो? मला एकदम ती लिंबं आठवली. मी काकांच्या घरी गेलो, काकींनी दिलेला चहा घेता घेता काकांना विचारलं, "गाडीची पूजा कधी केली होती?"

"दसऱ्याला," काका म्हणाले. तेव्हा शिमगा तोंडावर आला होता.

दिघीच्या बाजूला एका मिस्त्रीच्या गॅरेजमागे गाडी सापडली. ओळख लपवायला त्यानं नंबरपाटी काढून ठेवली होती. हा मिस्त्री तीस वर्षं तिची देखभाल करत होता. ठाण्यात आणून मी त्याला दोन तास विचारलं. गोडीनं विचारलं, आवाज चढवूनही विचारलं. त्याचं एकच, "नेली मीच. एकट्यानं. बाकी खुदा जाने." मी बजावलं, "सरळ आत जाशील." त्यानं मान हलवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक कळलं होतं: खोटं बोलणारा लांबण लावतो. हा तर जबाब तीन ओळींत आटपत होता. म्हणजे तो कोणाला तरी झाकत होता.

अटकेचे कागद तयार ठेवून मी काकांच्या घरी गेलो. काका बाजारात होते. काकी चहा ठेवायला उठल्या, तसं मी म्हटलं, "चहा नको. मिस्त्रीला उद्या कोर्टात उभं करतोय."

त्या तशाच माघारी फिरल्या. "त्याला सोडा, सायेब. चावी मीच दिली. यांना दिसत न्हाय. डाक्टर म्हनला, गेलेली नजर येनार न्हाय, उरलेली जपा. हे म्हनतात, रस्ता मला पाठ हाय. रस्ता असंल हो पाठ, रस्त्यावरची पोरं कुठं पाठ असतात? मागल्या हप्त्यात सुकत घातलेल्या बोंबलाच्या मांडवात घातली गाडी. उद्या कुनाचं लेकरू असंल."

"मग हार? लिंबं?"

"दारातनं तशीच कशी धाडू? चाळीस वर्सं तिनं घर चालवलं."

"अहो, मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तीनदा चा घेतलात," काकी म्हणाल्या, "इचारलंत कुठं?"

मला खरंच लाज वाटली. सगळ्या तपासात त्यांचा जबाबच घेतलेला नव्हता.

ओळख पटवण्यासाठी दुसऱ्या दिवशी काका-काकी दोघंही ठाण्यात आले. अंगणात उभ्या गाडीच्या बॉनेटवरून काकांनी हात फिरवला आणि ती ओळखली. पंचांसमोर मी म्हटलं, "पाटी वाचून नंबर सांगा." काका बंपरकडे वाकले आणि खणखणीत आवाजात सगळा नंबर म्हणून दाखवला. पाटी मुद्देमाल म्हणून आत कपाटात सील करून ठेवली होती. काकांनी बंपरवर बोटं फिरवली, मोकळी जागा चाचपली आणि हळूच विचारलं, "पाटी न्हाय काय?"

"न्हाय," काकी म्हणाल्या. "आनि गाडी मीच धाडली. मारायचं तर मला मारा."

मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. ते बंपरला धरून उठले. मग म्हणाले, "मांडवातले बोंबील कुनाचे व्हते गो? भरपाई दिलीस का?" आणि डोळे पुसले.

कुणाचाच हेतू लबाडीचा नव्हता. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून आम्ही 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल कोर्टाला पाठवला. कोर्टाचा हुकूम आल्यावर गाडी ताब्यात दिली. मिस्त्री चालकाच्या जागी बसला. काकांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, काकींना हात दिला, "तू बस पुढं," म्हणाले आणि स्वतः मागच्या हौद्यात चढले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळं बसवून विचारल्याशिवाय एकही तपास बंद केला नाही. लोक ठाण्यात येतात ते घडून गेलेलं सांगायला. काकी मात्र एका अपघाताची फिर्याद अपघाताआधीच घेऊन बसल्या होत्या. ती लिहून घ्यायला मी तीनदा त्यांच्या दारात गेलो आणि चहा पिऊन परत आलो.